पाळकीणबाईंची पिशवी

मनुष्यजातीच्या साऱ्या इतिहासात मेंढपाळाइतका थोर माणूस झाला नाही. राजांनी राज्यं घालवली आणि वर स्वतःचे पुतळे उभारून घेतले, सेनापतींनी अख्ख्या पलटणी चिखलात सोडून तंबूत गरम जेवणं जेवली, विद्वानांचं तर आपण नेमकं काय हरवलंय हे आठवण्यातच आयुष्य गेलं. पण कळपातलं एक, फक्त एक मेंढरू दिसेना म्हणून बाकीचा कळप रानात सोडून काट्याकुट्यांतून मागे फिरला तो एकटा मेंढपाळ. हे उद्या सकाळी चर्चमधल्या उपदेशात असंच्या असं म्हणायचं असं ठरवून पाळकसाहेबांनी स्वतःच्या घराची घंटी तिसऱ्यांदा दाबली. दार उघडायला बायको इतका वेळ का लावते आहे, या विचारानं त्यांना थोडा रागही आला होता.

घंटी आत वाजत होती. आपल्या घराची घंटी बाहेर उभं राहून इतकी नीट त्यांनी कधी ऐकली नव्हती. घंटी दाबायची आणि दार उघडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. या दोन गोष्टींच्या मधे कुणीतरी हातातलं काम टाकतं, हात पुसतं, चपलेत पाय सरकवतं आणि चालत येतं, हा भाग त्यांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. आज तो मधला भाग रिकामा निघाला. आवाज बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेला, तिथून मागच्या खोलीत गेला आणि कुणी न भेटल्यासारखा परत आला. "अगं, उघड की," ते दाराला म्हणाले. मग त्यांच्या डाव्या हाताला कसलंसं ओझं जाणवलं. खाली पाहिलं तर कोपरात बायकोची कापडी पिशवी अडकवलेली होती. दाराला कुलूप होतं. ते सकाळी तिनंच लावलं होतं, त्यांच्या समोर, आणि दोनदा ओढून पाहिलं होतं. म्हणजे ती आत नव्हती. आत असणं शक्यच नव्हतं. सकाळी ती त्यांच्याबरोबर सहलीला बाहेर पडली होती. घंटीवरचं त्यांचं बोट तिथंच राहिलं, आणि घंटी वाजतच राहिली.

त्यांनी मागे वळून गल्लीकडे पाहिलं. गल्ली नेहमीसारखी होती. उन्हं कलली होती, समोरच्या खिडकीत कुणीतरी गादी वाळत टाकली होती, एक मांजर भिंतीवरून पलीकडे गेलं. चर्चच्या आवारातून घरापर्यंतची ही गल्ली ते आत्ताच चालून आले होते. नेहमीसारखे चालून आले होते, म्हणजे ते पुढे आणि ती दोन पावलं मागे. मेंढपाळानं पुढे चालायचं असतं, हे त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिला समजावलं होतं, आणि तीही हसून मागे राहिली होती. आणि सबंध गल्लीभर ते तिच्याशी बोलत आले होते! उद्याच्या उपदेशाची सुरुवात कशी करावी, राजापासून करावी की सेनापतीपासून, सेनापतीचा चिखल जरा जास्त होतो का, असं त्यांनी तिला विचारलंही होतं. मागून उत्तर आलं नाही म्हणजे तिला पटलं, असं समजून त्यांनी चिखल तसाच ठेवला होता.

चर्चच्या मंडळीची वार्षिक सहल दरवर्षी त्याच तळ्यावर जाई. एक मोठी बस, उकडलेल्या अंड्यांचा डबा, गाण्यांची वह्या-पुस्तकं, आणि सर्वात पुढे, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, पाळकसाहेब. पाळकीणबाई, म्हणजे त्यांची बायको, सर्वात मागे, म्हाताऱ्या बायकांच्यात. निघायच्या वेळी त्या बसमधून मागून पुढे येत एकेकाच्या खांद्याला हलकेच बोट लावत मोजायच्या, पुढे येऊन पाळकसाहेबांना आकडा सांगायच्या आणि परत मागे जायच्या. आज सकाळी त्यांनी सांगितलेला आकडा होता अठ्ठेचाळीस. परतीच्या वेळीही त्याच मोजायच्या. आज परतीच्या वेळी मात्र ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, ऑर्गनवाल्या बाईंचे गुडघे दुखत होते, आणि मोजायला पाळकीणबाई कुठे दिसत नव्हत्या. तेव्हा पाळकसाहेबांनी स्वतः मोजायचं ठरवलं. आत्ता, बंद दारासमोर, त्यांना हे वाक्य मनात पुन्हा एकदा सावकाश म्हणावं लागलं. ती नव्हती, म्हणून त्यांनी मोजलं. सुरुवात स्वतःपासून केली, कारण पुढाऱ्यानं सुरुवात स्वतःपासून करावी, आणि मग एकेक डोकं मोजत मागे गेले. अठ्ठेचाळीस. आकडा बरोबर आला. त्यांनी ड्रायव्हरला हात दाखवला. बस सुटली. मागे कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आवारात उतरताना मंडळीचे खजिनदार म्हणाले होते, "पाळकसाहेब, गेल्या साली माझी छत्री राहिली होती तिकडे. यंदा काही म्हणजे काही राहिलं नाही." आणि पाळकसाहेब हसले होते. "मेंढपाळ स्वतः मोजतो तेव्हा असं होतं," असंही ते म्हणाले होते. हे शब्द आत्ता त्यांच्या तोंडात परत आले आणि त्यांची चव लागली, जुन्या नाण्यासारखी.

तेवढ्यात फोन वाजला. दोन साध्या घंटा, मग थोडं थांबून पुन्हा दोन. हा आवाज त्यांनी ऐकला होता. कुठे ऐकला होता? बसमध्ये. सबंध परतीच्या वाटेवर हा फोन थांबून थांबून वाजत होता, आणि मंडळी तिसरं गाणं म्हणत असताना त्यांनी सीटवरून अर्धं उठून, मागे वळून, अगदी गोड आवाजात म्हटलं होतं, "ज्या कुणाचा फोन आहे त्यांनी कृपया तो बंद करावा. आपण इथे एकमेकांच्या सहवासासाठी आलो आहोत." त्यावर सगळ्यांनी आपापले फोन तपासले होते. ऑर्गनवाल्या बाईंनी पाळकसाहेबांच्या मांडीवरच्या पिशवीकडे एकदा पाहिलं होतं, तोंड उघडलं होतं, आणि मिटलं होतं. पाळकसाहेबांना कोण सांगणार? कळप शहाणा होता. त्यांचा स्वतःचा फोन सहलीच्या दिवशी बंद असायचा. मेंढपाळाचा फोन बंद आणि कान उघडे, असा त्यांचा नियम, त्यावर एक अख्खा उपदेश होता. मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात, हे ते त्यात तीन वेळा म्हणत. मेंढपाळानं कुणाचा आवाज ओळखायचा, याचा त्या उपदेशात उल्लेख नव्हता. त्यांनी पिशवीत हात घातला. कंगवा, रुमालात बांधलेलं अर्धं सफरचंद, त्यांच्याच रक्तदाबाच्या गोळ्या, तळाशी घराची किल्ली. किल्लीसुद्धा आपल्याच कोपरात होती, हे कळायला त्यांना एक क्षण लागला. फोन हाताला लागला आणि वाजायचा थांबला. एकाच अनोळखी नंबरावरून कितीतरी वेळा फोन येऊन गेलेला होता.

"जरा ही पिशवी धरा, मी आलेच." एवढंच ती म्हणाली होती. तळ्याच्या काठच्या त्या टपरीमागे बायकांसाठी एक खोली होती, तिच्याकडे जाताना. ते आठवलं, शब्दन् शब्द आठवला, पण म्हणतानाचा तिचा चेहरा काही केल्या दिसेना. चेहऱ्याच्या जागी उजेड होता.

त्यांनी त्या नंबरावर फोन लावला. "होडीवाला," पलीकडून आवाज आला. मागे पाण्याचा चुबुकचुबुक आवाज. पाळकसाहेबांनी आपण कोण ते सांगितलं, आणि तिथे एक बाई असतील, असं सांगितलं. "बायका इथं खूप आहेत, साहेब. फोन माझ्या भावानं दिला असेल कुणाला तरी. कशा आहेत दिसायला?" पाळकसाहेब बोलायला गेले. खजिनदारांच्या कोणत्या दाढेत कीड आहे ते त्यांना ठाऊक होतं. ऑर्गनवाल्या बाईंचा कोणता गुडघा पावसाआधी दुखतो आणि कोणता नंतर, शिक्षकाच्या मुलीचं कुणाशी जमलं आणि का फिसकटलं, गवंड्याच्या आईला कोणत्या गाण्याला रडू येतं, सारं ठाऊक होतं, रोज रात्री एकेकासाठी प्रार्थना करताना ते हे घोकत. "उंची," ते म्हणाले, "मध्यम." "बरं. स्वेटर कोणता?" पाळकसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "साहेब? स्वेटरचा रंग सांगा, लगेच शोधतो." सकाळी तिनं कुलूप दोनदा ओढून पाहिलं तेव्हा तिची बाही त्यांच्या नाकासमोर होती. बाहीला रंग असणारच. घरात शिरून, कपाट उघडून, कोणता स्वेटर जागेवर नाही ते पाहावं, असा विचार त्यांच्या मनात खरोखर आला आणि आपल्याला असा विचार येऊ शकतो याचाच त्यांना जास्त धक्का बसला. शिवाय कपाटात किती स्वेटर असतात तेही त्यांना कुठे माहीत होतं? "बाईसारख्या बाई आहेत हो," ते कसेबसे म्हणाले, "मंडळीच्या पाळकीणबाई." "हां, त्या होय!" होडीवाला मोकळेपणी म्हणाला. "मग तसं सांगा ना. बसल्यात बाकावर. फोन लावून लावून कंटाळल्या. आता म्हणतायत, घाई नाही म्हणून सांगा."

घाई नाही. टॅक्सीत बसल्यावरही हे दोन शब्द त्यांच्या शेजारी बसून आले. "कुणाला आणायचंय का?" टॅक्सीवाल्यानं विचारलं. "हो. तळ्यावर राहिलंय." "काय, सामान?" "नाही. बायको." टॅक्सीवाल्यानं आरशातून एकदा त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या पाळकाच्या कॉलरमधल्या पांढऱ्या पट्टीकडे पाहिलं, आणि रेडिओ बंद केला. कुणी मेलेलं असलं की लोक करतात तसा. ती रागावली असती तर त्यांना समजलं असतं. रडत असती तर, देवाशपथ, थोडं बरंच वाटलं असतं. रडणाऱ्या मेंढरासाठी त्यांच्याकडे शब्द होते, तीस वर्षांचे तयार शब्द होते. हरवलेल्या मेंढराच्या त्या गोष्टीत मेंढपाळ डोंगर चढतो, हाका मारतो, आणि ते सापडतं तेव्हा आनंदानं खांद्यावर घेतो; पण तो येईपर्यंत ते मेंढरू काय करत होतं, हे कुणी विचारत नाही. ओरडत असणार, असं आपण धरून चालतो. त्यांच्या डोळ्यांपुढे एकाएकी एक मेंढरू आलं, कड्याच्या टोकाला, पाय दुमडून बसलेलं, वारा खात, खालच्या दरीकडे बघत. कळप नाही, घंटा नाही, पुढे चालणारं कुणी नाही. घाई नाही म्हणून सांगा. त्यांनी काच खाली केली.

खरं कोकरू त्यांनी आयुष्यात एकदाच हातात धरलं होतं. पाळकांच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी शाळेला माहितीपत्रकासाठी फोटो हवा होता. खांदे रुंद म्हणून त्यांची निवड झाली. गावाबाहेरच्या एका शेतातून कोकरू भाड्यानं आणलं, त्याला साबणानं धुतलं, आणि त्यांच्या मानेमागे आडवं ठेवलं, चारही पाय छातीशी धरून. कॅमेरा धरायला शाळेतली टाइपिस्ट मुलगी आली होती. हा प्रसंग ते दरवर्षी उपदेशात सांगत. कोकरू किती निर्धास्त होतं, आणि मग त्यानं त्यांच्या एकुलत्या एका चांगल्या कोटावर कशी धार सोडली, आणि मंडळी दरवर्षी तितकीच हसे, आणि मग ते म्हणत की ती कॅमेरावाली मुलगी आज तुमची पाळकीणबाई आहे, आणि मंडळी मागे वळून बघे. तो फोटो चर्चच्या मागच्या खोलीत लावलेला होता. पण आत्ता, टॅक्सीत, त्यांना फोटो आठवला नाही. मान आठवली. त्यांच्या उजव्या कानाखाली, कातडीला चिकटून, काहीतरी धडधडत होतं, इतकं जोरात आणि इतकं जलद की ते आपलंच हृदय आहे असं त्यांना आधी वाटलं. त्या ओल्या लोकरीतून गरम वाफ येत होती, साबणाचा वास आणि त्याखाली दुसरा, जनावराच्या भीतीचा वास. आणि कॅमेऱ्यामागून ती मुलगी म्हणाली होती, "अहो, ते घाबरलंय. खाली ठेवा त्याला." आणि ते, दात दाखवत, ओठ न हलवता, म्हणाले होते, "एक राहिलाय. काढा." हे त्यांनी कुठल्याच उपदेशात सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. ते हे साफ विसरले होते, आणि आज ते पहिल्यांदा घडत होतं. ते घाबरलंय. खाली ठेवा. एक राहिलाय. त्यांनी उजव्या कानाखाली हात लावून पाहिला. तिथे अजून धडधडत होतं, पण ते त्यांचं स्वतःचं होतं.

समजा ती बाकावर नसली तर? होडीवाल्यानं दुसऱ्याच कुणा बाईला पाळकीणबाई समजलं असलं तर? किंवा असली, आणि म्हणाली की मी इथंच बरी आहे? टॅक्सीच्या पुढे रस्ता उलगडत होता, तोच रस्ता, ज्यावरून ते मघाशी तिची पिशवी मांडीवर घेऊन गाणी म्हणत आले होते. पिशवी आत्ताही मांडीवर होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती, चारही पाय धरल्यासारखी, हे ध्यानात आल्यावर त्यांनी बोटं सैल केली.

ती बाकावर होती. स्वेटर मोरपंखी होता. इतका झगझगीत मोरपंखी की तो दिसू नये यासाठी माणसाला मेहनत घ्यावी लागली असती. कोपराला ठिगळ, तेही मोरपंखी, पण थोडं वेगळं. पाण्यावरचा उजेड मावळायला लागला होता आणि होड्या एकमेकींना बांधून ठेवलेल्या होत्या. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. टॅक्सीतून उतरताना त्यांनी एक वाक्य जुळवलं होतं, चांगलं वाक्य होतं, ते निघून गेलं.

"आलात?" ती म्हणाली. "किती जण आलात?"

"मी एकटाच."

"मोजलंत?"

ते तिच्या शेजारी बसले. बाक थंड होता. "अगं, आकडा बरोबर आला होता," ते म्हणाले, आणि आपला आवाज इतका केविलवाणा निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "अठ्ठेचाळीस. मी दोनदा नाही, पण नीट मोजले. तूच सकाळी सांगितलंस अठ्ठेचाळीस. मग तू नसताना अठ्ठेचाळीस कसे भरले?"

"तुम्ही स्वतःला धरलं असणार."

"अर्थात. पहिला मीच."

"हं," ती म्हणाली. "मी मला कधी धरत नाही. तुम्हाला धरते, मला नाही. अठ्ठेचाळीस आणि वर मी."

"का पण?"

तिनं जरा विचार केला, कुणी पहिल्यांदाच विचारल्यासारखा. "मी असतेच की तिथं. मोजत असते. मी हरवले तर मला कळेलच, असं वाटायचं."

इतक्या वर्षांच्या इतक्या सहली, आणि प्रत्येक वेळी ती पुढे येऊन जो आकडा सांगायची त्यात ती नसायची, आणि तो ऐकून ते समाधानानं मान हलवायचे. सगळे आहेत. चला. त्यांना वाटलं, आपण काहीतरी उचलून घेतलं पाहिजे, आत्ता, इथे, दोन्ही हातांनी. आणि त्यांचा उजवा खांदा, जो गेली काही वर्षं वरच्या फळीवरचं पुस्तकही काढू देत नव्हता, आधीच दुखायला लागला.

"तू घाई नाही म्हणालीस," ते म्हणाले.

"म्हणाले खरी."

"रागावून?"

"छे. आधी खूप रागावले. बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी चक्क हात हलवत उभी होते, या वयात, टाटा केल्यासारखी. मग फोन लावले. मग रडले, त्या खोलीत जाऊन, इथं लोक बघतात. मग भूक लागली, तर सफरचंद तुमच्याकडे. होडीवाल्यानं पाव दिला. तो खाल्ला, पाण्याकडे बघत बसले, आणि," ती थांबली, "खरं सांगू? बरं वाटायला लागलं. कुणाचं काही राहिलंय का बघायचं नाही, काही नाही. इतकं बरं वाटायला लागलं की मग मात्र मी घाबरले. म्हटलं, तुम्ही लवकर आलात तर बरं. आणि म्हटलं, थोडे उशिरा आलात तरी चालेल."

तिनं हे तळ्याकडे बघत सांगितलं. पाळकसाहेबांनी तिच्या मनगटाला हात लावला. नाडी सापडत नव्हती, मग सापडली. जलद होती. ते कुठल्याही क्षणी म्हणणार होते की तू घाबरली आहेस, की मीही, की त्या दिवशी फोटोच्या वेळी मी ते खाली ठेवायला हवं होतं, की उद्याच्या उपदेशात मी काहीच बोलणार नाही, नुसता उभा राहीन, आणि सगळ्यांसमोर, आधी, पहिली, तुला... "अगं," ते म्हणाले, "मला तुला एक सांगायचंय."

"सांगा ना. टॅक्सी थांबवलीय ना? मग वाटेत सांगा." ती उठली. त्यांच्या मांडीवरची पिशवी तिनं उघडून बघितली, गोळ्यांच्या पाकिटातली आजची गोळी जागच्या जागीच आहे हे पाहून जीभ टाळ्याला लावून चक् केलं, कंगवा तेवढा काढून घेतला, आणि पिशवी परत त्यांच्या हातात दिली. टपरीमागच्या खोलीच्या दिशेनं ती चार पावलं गेली, आणि वळली.

"जरा ही पिशवी धरा," ती म्हणाली, "मी आलेच. आणि हे बघा, तोवर मोजत बसू नका."